उतारावर धावून मांड्या भरून आल्या तर बाग्वान, ग्वाशा, सुया की लाल तेल? काय, किती आणि कधी?

टेकडी_गट (सिंगापूर)

नमस्कार मंडळी. इथल्या मराठी धावपटूंच्या गटासाठी एक पानी टिपण तयार करायचं आहे, त्यासाठी जाणकारांची मदत हवी. सराव बुकित तिमाच्या टेकडीवर असतो. उंची जेमतेम १६३ मीटर, पण एका सकाळी सात-आठ वेळा वर-खाली झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेकांच्या मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दर थोड्या अंतरावर चिनी वैद्याचं दुकान आहे, त्यामुळे कोणी पाठीवर गोल डाग घेऊन येतं, कोणी लाल तेल चोळून, आणि गटात रोज नवा सल्ला फिरतो. प्रश्न असे:

१. या दुखण्यावर कप (बाग्वान), घासणं (ग्वाशा), सुया, चिनी मालिश (त्वीना) आणि तेलं यांपैकी कशाचा खरोखर उपयोग होतो?
२. घरी काय करता येईल, आणि कशाला तज्ज्ञच हवा?
३. शर्यतीच्या आधी किती दिवस काय बंद ठेवायचं?
४. कोणत्या दुखण्याला यांतलं काहीच करायचं नाही?

गटात दोघांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, एकाला ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे. काहीजण स्पर्धात्मक धावणारे आहेत, त्यांची उत्तेजक चाचणी होऊ शकते.

---

फिजिओ_कोथरूड

चौथ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या तिन्ही उत्तरांचा उपयोग नाही.

उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो आणि शरीराचं वजन झेलतो. अशा कामात तंतूंना बारीक इजा होते, मग दाह होतो आणि तिथल्या नसा हळव्या होतात. दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि पाच ते सात दिवसांत आपलं आपण जातं. दोन्ही पायांत साधारण सारखंच, सगळ्या स्नायूभर पसरलेलं, दाबलं किंवा ताणलं की जाणवणारं. या दुखण्यासाठीच ही चर्चा आहे. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे दुखतं ही समजूत टिपणात येऊ देऊ नका. धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची पातळी मूळपदावर येते, दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी येतं. ‘साचलेलं ॲसिड बाहेर काढतो’ असं जो उपचारक सांगेल, त्याचा हात चांगला असेलही, पण कारण चुकीचं आहे.

आता वेगळी काढायची दुखणी.

धावताना एकदम ‘कट्’ झालं, एका बोटाने दाखवता येईल अशी जागा आहे, त्याच दिवशी सूज किंवा काळंनिळं झालं: स्नायू फाटला आहे. मांडीवर जोरात मार बसला असेल (पायरीवर आपटणं, सायकलचा दांडा लागणं) तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागी मालिश, कप, घासणं, शेक, सगळं बंद. मुकामाराच्या जागी आत रक्त साकळलेलं असतं. ते लवकर आणि जोरात चोळलं तर रक्तस्राव वाढतो आणि पुढे स्नायूच्या आतच हाडासारखा कठीण भाग तयार होऊ शकतो. तो प्रकार महिनोन्‌महिने छळतो.

एकाच पोटरीत दुखणं, तीच पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली आणि गरम, आणि नुकताच लांबचा विमानप्रवास किंवा आजारपण झालेलं: शिरेत गुठळी असू शकते. पोटरी चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. सुट्टीहून भारतातून परतलेल्या मंडळींना हे मुद्दाम सांगा.

नडगीच्या हाडावर एका बिंदूवर दुखतंय आणि एका पायावर उडी मारली की कळ येते: हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता.

सगळ्यांत गंभीर म्हणजे लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होणं, स्नायू फुगणं आणि हालचालीचा जोरच जाणं. स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडले की त्यांतले घटक मूत्रपिंडावर येतात. सिंगापूरच्या दमट उकाड्यात, कमी पाणी पिऊन, खूप दिवसांनी एकदम जास्त व्यायाम केला की हे होतं. सरळ आपत्कालीन विभाग गाठायचा.

पहिल्या प्रश्नाबद्दल. या दुखण्यात मालिशच्या बाजूचा पुरावा बाकी सगळ्यांपेक्षा बरा आहे. २०१८ साली ९९ अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दुखणं आणि थकवा कमी करण्यात मालिश सर्वांत पुढे होतं. त्वीना हे मालिशच आहे, त्यामुळे चिनी प्रकारांतून एकच निवडायचा असेल तर माझं मत त्याला. कप आणि सुयांवरचे अभ्यास छोटे आहेत, निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कप लावला की नाही हे घेणाऱ्याला कळतंच, त्यामुळे खोट्या उपचाराशी तुलना करणं अवघड जातं. शिवाय जे दुखणं पाचव्या दिवशी आपोआप जाणार आहे, त्यावर तिसऱ्या दिवशी काहीही केलं तरी श्रेय त्याच उपायाला मिळतं. दुखणं काही तास ते एखादा दिवस हलकं होणं, एवढीच अपेक्षा धरा. फाटलेले तंतू यातल्या कशानेही लवकर सांधत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही: उताराचा छोटा डोस. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा १५-२० मिनिटं बेताचा उतार धावून घ्या. पुढच्या उताराचं दुखणं बरंच कमी होतं आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं.

---

बाग्वान_शिकवणी

फिजिओताईंचं पटतं, ॲसिडबद्दल तर पूर्ण. त्यात भर घालतो: डागाच्या रंगावरून ‘किती विष निघालं’ हे सांगणंही तसंच आहे. कपातल्या ओढीमुळे बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली उतरतं. ओढ जास्त, वेळ जास्त, की डाग गडद. चिनी परंपरेत रंगावरून निदान करतात हे खरं, पण गटाच्या टिपणात डाग म्हणजे रक्ताचा साकळा एवढंच लिहा.

पद्धत आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तुंबडी लावायचे, सुश्रुतसंहितेत शिंग आणि भोपळा लावून रक्त काढण्याचं वर्णन आहे. चीनमध्येही सुरुवात शिंगांनीच झाली. चौथ्या शतकातल्या ग हुंग या वैद्याच्या ग्रंथात शिंगाचा उल्लेख येतो. जगभर बोलबाला झाला तो २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरच्या गोल डागांमुळे.

आता कृती.

घरी फक्त सिलिकॉनचे किंवा पंपाचे कप. आगीचे काचेचे कप शिकलेल्या हातातच. त्यात चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, पेटवून कपात सेकंद-दोन सेकंद फिरवतात आणि बाहेर काढून कप लगेच टेकवतात. आतली तापलेली हवा निवताना आकसते, तीच ओढ. यात भाजण्याची कारणं ठरलेली आहेत: बोळा नीट पिळलेला नसतो आणि पेटतं अल्कोहोल अंगावर ठिबकतं. नाहीतर ज्योत कपाच्या कडेला लागते आणि तापलेली कड कातडीवर गोल भाजते. उपचारक बोळा पिळतोय का आणि कड बोटाने तपासतोय का, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे.

सिलिकॉनचा कप: मांडीसाठी तोंड ४ ते ५ सेंटिमीटरचं. कातडी धुऊन कोरडी करा, कडेला अगदी थोडं तेल लावा. केस दाट असतील तर हवा शिरते आणि कप सुटतो. केस काढायचे असतील तर आदल्या दिवशी काढा, ताज्या वस्तऱ्याच्या चिरांवर कप लावू नका. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या मांसल भागावर एका पायाला तीनच कप पुरेत, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवून. गुडघ्याची वाटी, जांघ, गुडघ्यामागची खोलगट जागा आणि फुगलेल्या निळ्या शिरा सोडायच्या. कातडी साधारण एक सेंटिमीटर वर आली की बस. पंपाचा कप असेल तर पहिल्या वेळी दोन झटके, तिसरा नको.

वेळ पहिल्यांदा ५ मिनिटं, सवय झाल्यावर फार तर १०. घड्याळ लावा. कप लावून झोप लागणं हे घरच्या फोडांचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. ठुसठुस वाढली, पाय बधिर झाला किंवा कातडी पांढरट-जांभळी पडली तर लगेच काढा. काढताना ओढायचं नाही. कडेशेजारची कातडी बोटाने दाबली की हवा आत जाते आणि कप आपोआप सुटतो.

दुखऱ्या लांब स्नायूंसाठी एका जागी ठेवण्यापेक्षा सरकता कप मला जास्त उपयोगाचा वाटतो. तेल भरपूर, ओढ निम्मी, गुडघ्याच्या चार बोटं वरपासून मांडीच्या वरच्या तिसऱ्या भागापर्यंत संथपणे आठ-दहा वेळा. कातडी गुलाबी झाली की थांबा. डागही कमी पडतात.

स्थिर कपाचे डाग ३ ते १० दिवस राहतात. डाग पूर्ण जाईपर्यंत त्याच जागी पुन्हा कप नाही. फोड आलाच तर फोडायचा नाही, स्वच्छ पट्टी लावायची. आपल्या वर्णाच्या कातडीवर फोडाच्या जागी तपकिरी डाग बराच काळ रेंगाळतो. कापून रक्त काढण्याचा प्रकार या दुखण्यासाठी अनावश्यक आहे. कोणी सुचवला तर नाही म्हणा.

ग्वाशा: चिनी सूपचा जाड चमचा चालतो. कडेवरून नख फिरवून कपचा उडालेला नाही हे तपासा. भरपूर तेल, चमचा कातडीशी ३० ते ४५ अंशांत तिरका, एकाच दिशेने, दर फेरी चार ते सहा इंच लांब. परंपरेत वरून खाली. एका पट्ट्यावर १० ते २० फेऱ्या. मध्येच लाल ठिपके उठले की तो पट्टा झाला, पुढच्याकडे जा. या ठिपक्यांनाच ‘शा’ म्हणतात. काहींना ते उठतच नाहीत. उठत नाहीत म्हणून जोर वाढवणं ही नेहमीची चूक आहे, दुसऱ्या दिवशी मूळ दुखण्यावर घासल्याचं दुखणं चढतं. नडगीच्या हाडावर घासू नका. ठिपके दोन ते पाच दिवसांत जातात, तोवर त्याच जागी पुन्हा नाही. गटात एकच चमचा फिरवू नका. ठिपक्यांतून न दिसणारा रक्ताचा अंश हत्यारावर येतो. शिंगाची पट्टी सुंदर असते, पण नीट निर्जंतुक होत नाही. चिनी मातीचा चमचा साबणाने धुऊन उकळता येतो.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या तुमच्या दोघांना कपही नाही आणि ग्वाशाही नाही. सौम्यसुद्धा नाही.

---

टेकडी_गट

फारच उपयोगी, धन्यवाद. दोन उपप्रश्न. शर्यत रविवारी असेल तर शेवटचे कप कधी? आणि दुखणं ऐन भरात असताना, म्हणजे दुसऱ्या दिवशी, कप लावायचे की वाट बघायची?

---

बाग्वान_शिकवणी

स्थिर कप शेवटचे सोमवारी किंवा मंगळवारी. पहिल्यांदाच कप घेणार असेल तर त्या आठवड्यात अजिबात नको, कातडी कशी वागेल माहीत नसतं. डागाची जागा हळवी असते आणि घट्ट पँटची शिवण नेमकी तिथेच घासते. सरकता कप सौम्य हाताने गुरुवारपर्यंत चालेल.

ऐन भरात असताना स्थिर कप सहसा सोसवत नाही. पहिले दोन दिवस हलकं मालिश आणि चालणं, कप तिसऱ्या दिवसापासून.

---

सुई_आणि_मोक्सा

सुयांबद्दल राहिलं आहे ते सांगते.

सुई घरी कधीच नाही. नोंदणीकृत हातातच. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची आणि ॲक्युपंक्चर करणाऱ्यांची सरकारी मंडळाकडे नोंद असते, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ते बघून घ्या. मालिशच्या दुकानात ‘सुयाही टोचतो’ म्हणाले तर उठून या. महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, गावी उपचार घेणाऱ्यांनी तिथली नोंदणी विचारावी. (सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात रुजवली. त्या पथकाशी आपलं नातं आहे म्हणून इथे लिहिलं.)

मांडी-पोटरीसाठी सहसा वापरले जाणारे बिंदू: झूसानली, यांगलिंगच्वान, श्वेहाय, वेईझुंग, छंगशान, आणि जिथे दुखतं तोच बिंदू. त्या शेवटच्या प्रकाराला ‘आशी’ म्हणतात, म्हणजे दाबल्यावर रुग्ण ‘आँ, हेच!’ म्हणतो ती जागा. सातव्या शतकातल्या सुन सिम्याव या वैद्याच्या ग्रंथात हे नाव येतं आणि स्नायूंच्या दुखण्यात उपचारकाचं कौशल्य सगळ्यात जास्त इथेच लागतं. सुई साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची, ४० मिलिमीटर लांबीची. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई टोचणार नाही अशा कडक डब्यात गेली पाहिजे. सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. टोचल्यावर जडपणा, ठणका किंवा झिणझिणी पसरणं अपेक्षित आहे. विजेसारखी सणक आली तर सुई नसेजवळ आहे, लगेच सांगायचं.

काय बिघडतं? उपाशीपोटी, धावून आल्या आल्या, बसून सुया घेतल्या की चक्कर येते. खाऊन जा, धावण्यानंतर दोन-तीन तास जाऊ द्या, आडवे पडून घ्या. दुखऱ्या स्नायूत सुई खूप वर-खाली केली तर आणखी एक-दोन दिवस ठणकतं, म्हणून शर्यतीच्या आधीच्या ४८ तासांत नको. पायाच्या दुखण्यासाठी गेलात आणि ‘खांदेही आखडलेत, तिथेही घालतो’ असं झालं तर मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत खोल सुई घेऊ नका. तिथे खाली फुफ्फुसाचं टोक असतं. सुई आत गेली तर छातीत हवा भरते. सुयांनंतर काही तासांत छातीत टोचणं किंवा दम लागणं सुरू झालं तर वाट न बघता रुग्णालय. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर उपचारकाला आणि आपल्या डॉक्टरला, दोघांनाही आधी विचारायचं.

घरी करण्यासारखं म्हणजे अंगठ्याने दाबणं. झूसानली असा शोधा: गुडघा वाकवून बसा, वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला जो खळगा लागतो त्याच्याखाली आपलीच चार बोटं आडवी ठेवा, आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर या. दाबल्यावर जडसर दुखलं की जागा बरोबर. बोटं ज्याची त्याचीच, दुसऱ्याची चालत नाहीत, कारण हे माप माणसागणिक बदलतं. यांगलिंगच्वान सोपा आहे: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जी गोल हाडाची गाठ लागते, तिच्या पुढे-खालच्या खळग्यात. त्या गाठीच्या मागून आणि खालून एक नस जाते, त्यामुळे मागच्या बाजूला जोर देऊ नका, पाऊल बधिर होतं. छंगशान: टाचा उचलून उभं राहिलं की पोटरीचा गोळा जिथे संपतो तिथे उलट्या व्हीसारखी खाच दिसते, तिच्या टोकाला. प्रत्येक बिंदूवर एक ते दोन मिनिटं, दहापैकी पाच इतकं दुखेल असा दाब, श्वास चालू ठेवून. गर्भवतींनी पायांचे बिंदू स्वतःहून दाबू नयेत.

त्वीनाबद्दल थोडं. मांडीला ‘गुन’ नावाची क्रिया वापरतात: करंगळीकडची हाताची मागची कड स्नायूवर टेकवून मनगट पुढे-मागे लाटायचं, मिनिटाला १२० ते १६० वेळा, कातडीवर न घासता. ही सरावाशिवाय जमत नाही. घरच्या माणसाला ‘ना’ शिकवा: अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, पोटरीचा मांसल भाग उचलून, दाबून, सोडून देणं. नखं कापलेली हवीत. एका पायाला आठ-दहा मिनिटं पुरतात. जोर सोसवेल इतकाच. ‘दुखेल तेवढं चांगलं’ हे इथे लागू नाही.

---

औषधवाला_ठाणे

तेलांकडे कोणी वळलं नाही, आणि माझ्या मते अपघात तिथेच जास्त होतात, कारण बाटली निरुपद्रवी दिसते.

लाल तेलाच्या नावातलं ‘हुंगह्वा’ म्हणजे लाल फूल. हे फूल म्हणजे आपली करडई. बाजारातल्या लाल तेलात मात्र नावाला करडई असली तरी दुखणं कमी करणारा मुख्य घटक बहुतेक वेळा मिथाईल सॅलिसिलेट असतो, विंटरग्रीनचा वास येतो तो. हा ॲस्पिरिनचा भाऊ. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १.४ ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो, म्हणजे चहाचा एक चमचा पोटात गेला तर सुमारे सात ग्रॅम. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरे. बाटली कपाटात, वर, कुलूपबंद.

यावरून तुमच्या गटाचा हिशोब: ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्याला हे तेल नाही. वॉरफरिन घेणाऱ्यांना नाही, कातडीतून शोषलं गेलेलं सॅलिसिलेटसुद्धा रक्त आणखी पातळ करतं. दुसरी कुठली रक्त पातळ करणारी गोळी असेल तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. बाकीच्यांनी एका वेळी एक ते दोन मिलिलिटर, एक-दोन स्नायूंपुरतं, दिवसात तीन-चार वेळांहून जास्त नाही. दोन्ही पाय, कंबर, खांदे असं सर्वांगाला चोपडायचं नाही. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका किशोरवयीन धावपटू मुलीचा मृत्यू असल्याच मलमांच्या अतिवापराने शरीरात सॅलिसिलेट साठून झाला. उष्णता, व्यायाम आणि घाम यांनी शोषण वाढतं. म्हणून लावून धावायला जाऊ नका, वर गरम पिशवी किंवा घट्ट पट्टी नको, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच नको. सिंगापूरच्या हवेत घाम येणारच, तेव्हा मात्रा कमी ठेवा. कप किंवा ग्वाशा झालेल्या जागी त्या दिवशी अजिबात नको, आग तर होतेच, शोषणही वाढतं. सरकत्या कपासाठी साधं खोबरेल घ्या, लाल तेल नको.

टायगर बाममध्ये कापूर, मेंथॉल, लवंगेचं आणि कायपुटीचं तेल असतं. लाल बाममध्ये दालचिनीच्या जातीचं तेलही असतं, ते पातळ कातडीला चांगलंच झोंबतं. काम एवढंच की गार-गरम झोंबण्यामुळे मेंदूला दुखणं कमी जाणवतं. ते काही कमी नाही, रात्री झोप लागते.

दिएदा ज्यू, कँटोनीज दुकानदार ज्याला ‘तित दा जाउ’ म्हणतात, ते वेगळं प्रकरण. वनस्पती मद्यात महिनोन्‌महिने भिजवून केलेला अर्क. ऊद, बोळ, करडईची फुलं अशा गोष्टी त्यात असतात, आणि काही कृतींत बचनागही. बचनागाचं विष हृदयाची लय बिघडवतं आणि खरचटलेल्या कातडीतून आत जाऊ शकतं. त्यामुळे लेबल नसलेली, ‘गुरूंच्या घरची’ बाटली नको. घटकांची यादी असलेलीच घ्या, अखंड कातडीवरच लावा, हात धुवा. पिऊन बघणारे लोक असतात, म्हणून टिपणात ठळक लिहा: पोटात घ्यायचं नाही.

स्पर्धकांसाठी वेगळा परिच्छेद करा. चिनी काढे आणि गोळ्या घेऊच नका. माहुआंग या वनस्पतीत एफेड्रीन असतं, माछ्येनझी म्हणजे आपला कुचला, त्यात स्ट्रिक्नीन. दोन्ही स्पर्धेच्या काळात निषिद्ध. हायजेनामीन बचनागाच्या कुळात आणि कमळाच्या बीमधल्या हिरव्या कोंबात सापडतं, ते २०१७ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत नावानिशी आहे आणि कायमच निषिद्ध. कस्तुरी असलेल्या पट्ट्यांपासूनही लांब राहा. २०११ च्या महिला विश्वचषक फुटबॉलमध्ये उत्तर कोरियाच्या पाच खेळाडूंच्या नमुन्यांत स्टिरॉइड सापडली, तेव्हा त्यांच्या संघाने कस्तुरीमृगाच्या ग्रंथीपासून केलेल्या औषधाचं कारण दिलं होतं. शिक्षा टळली नाही. कप, ग्वाशा, मालिश आणि सुया यांत उत्तेजकाचा प्रश्न येत नाही.

---

फिजिओ_कोथरूड

औषधवालेदादांच्या उत्तरात एक जोड. तेल चोळल्यावर दुखणं कमी जाणवलं म्हणून त्याच दिवशी पुन्हा उतार धावू नये. दुखतं तेव्हा स्नायूचा जोरही घटलेला असतो, आणि तो दुखणं दबल्याने परत येत नाही. पाय लटपटत असतील तर उतार टाळा. साधी कसोटी: एका पायावर उभं राहून गुडघा थोडा वाकवा. गुडघा आत कलत असेल किंवा थरथरत असेल तर सपाटीवर चाला, धावू नका.

---

टेकडी_गट

सगळ्यांचे आभार, टिपण जवळपास तयार झालं. शेवटचा प्रश्न मोक्साबद्दल, म्हणजे वनस्पतीची कांडी पेटवून दिलेल्या शेकाबद्दल. गटातल्या एक काकू त्याची कांडी घेऊन आल्या आहेत, सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये जाळली तर चालेल का? आणि ताज्या दुखण्यावर उपयोग आहे का?

---

सुई_आणि_मोक्सा

कांडीत वाळवून लोकरीसारखी केलेली पानं असतात, आपल्या दवण्याच्याच कुळातल्या वनस्पतीची. उपयोग मुख्यतः शेकाचा. पहिल्या दिवसाच्या गरम, सुजलेल्या दुखण्यावर नको. तिसऱ्या दिवसानंतर जखडलेपण उरलं असेल तर बरं वाटतं. कांडी कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायची, टेकवायची नाही, एका जागी पाच ते दहा मिनिटं, कातडी गुलाबी होईपर्यंत. दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या जागेच्या दोन बाजूंना ठेवा, उष्णता आधी तुमच्याच बोटांना कळेल. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांना हा नियम फारच महत्त्वाचा, त्यांना भाजलेलं कळतच नाही. खरं तर त्यांनी मोक्सा टाळावाच. राख दर मिनिटाला बशीत झटका, ती अंगावर पडूनच बहुतेक लोक भाजतात.

फ्लॅटमध्ये धूर भरपूर होतो आणि वास पडद्यांत दोन दिवस राहतो. धुराची घंटा वाजू शकते. घरात दम्याचं कोणी असेल तर करूच नका. करायचंच असेल तर खिडकीशी, पंखा बाहेरच्या दिशेने लावून. कांडी पाण्याने विझवली तर ती पुन्हा नीट पेटत नाही आणि नुसती टेकवून ठेवली तर आतून धुमसत राहते. कोरड्या तांदळाने किंवा वाळूने भरलेल्या काचेच्या बरणीत जळतं टोक खाली करून खुपसा, वरून झाकण लावा आणि अर्ध्या तासाने हात लावून गार झाल्याची खात्री करा. काकूंना धूर नको असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५ मिनिटं ठेवली तरी मांडीला शेक तितकाच मिळतो.